राहून गेलेली दाढी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेहरा बघून भविष्य सांगणारा एक मेला बसतो. समोर कापड पसरलेलं, कापडावर यानसरकारांचं चित्र. रुंद चेहरा, भरदार काळी दाढी, आणि कपाळावर नसलेलं तेज मुद्दाम पिवळ्या रंगानं काढलेलं. "बघा, बघा, मंत्र्याचा चेहरा! आईच्या पोटातून लिहून आणलेला!" असं दिवसभर ओरडतो. बाजाराला जाता-येता मी ऐकते आणि रोज माझं टाळकं सटकतं. आईच्या पोटातून कसलं डोंबलाचं! आईच्या पोटातून आले तेव्हा यानसरकारांची हनुवटी कुणी सुरी घेऊन तासल्यासारखी निमुळती होती. ती दाढी आमच्या ह्यांची. म्हणजे ह्यांनी केलेली नव्हे, ह्यांच्या हातून करायची राहिलेली.

हे म्हणजे माझा नवरा, न्हावी. पेकिंगच्या दक्षिण पेठेत ग्वेइजोकरांच्या धर्मशाळेसमोर आमचं बिऱ्हाड. फाटकाच्या डाव्या हाताला मी मटणाच्या रश्शातल्या शेवया विकायची, उजव्या हाताला हे वस्तऱ्या-स्टुलाची कावड टेकवून डोकी भादरायचे. न्हावी म्हटलं की बडबड्या, गावच्या उठाठेवी करणारा, असं लोकांना वाटतं. आमचं ध्यान वेगळं. तोंडाला कुलूप, आणि उघडलंच तर खरं बोलणार, तेही नको तिथं. एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याला चारचौघांत म्हणाले, "शेठ, उवा झाल्यात." गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मी म्हटलं, "अहो, हळू सांगायचं ना!" तर म्हणतात, "हळूच सांगितलं. लोकांनी कान दिला त्याला मी काय करू?"

ह्यांच्याकडून कान कोरून घेताना माणसं बसल्या बसल्या झोपी जात. हे त्यांना उठवत नसत. मागचं गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जाई, आणि हे आपले हातात पंचा धरून झोपलेल्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून उभे. मी पलीकडून पळी आपटायची. "दमलाय गं बिचारा," एवढंच उत्तर. असल्या माणसाबरोबर संसार केलाय मी.

धर्मशाळेत ग्वेइजोहून परीक्षेला आलेली माणसं उतरत. प्रांत डोंगरापलीकडचा, लांबचा. महिनोन्‌महिने प्रवास करून येत, आणि नापास झाली की परत जायची लाज वाटून तिथंच राहत. यान रूहाय त्यांतलेच. तीनदा बसले, तीनदा आपटले. पस्तिशीचं वय, अंगावर एकच बरा झगा, आणि स्वभाव असा की मागून आलेल्यालाही म्हणणार, "तुम्ही आधी." माझ्या शेवया घेतानाही तेच. रस्सा तळाला लागायचा तरी ह्या माणसाचं आपलं "तुम्ही आधी" चालूच. त्यांच्याच गावचे, तसेच तीनदा आपटलेले थानगुरुजी त्यांचे जिवलग. विद्येत यानगुरुजींहून वरचढ, आणि जीभ तिखट.

तीनदा नापास झालेल्यांसाठी दरबार सहा वर्षांनी एकदा दार किलकिलं करतो. पेपर नाही, प्रश्न नाही. वीस-वीस जणांची रांग उभी करतात आणि राजघराण्यातला कुणी खुर्चीत बसून तोंडं बघतो. आधी आठ नावं पुकारतात, ते घरी. मग तीन नावं, ते जिल्ह्याचे हाकिम. उरलेले कुठंतरी शाळामास्तर. चौकोनी तोंड, रुंद जबडा असला की माणूस वजनदार. हनुवटी निमुळती असली की टिकाव न धरणारा. हसू नका, हाकिम असेच निवडतात. रीत काही मी नाही पाडली.

यानगुरुजींची ही शेवटची आशा. नाही झालं तर पुन्हा डोंगर चढून गावी जायचं आणि म्हाताऱ्या बापाला सांगायचं की इतकी वर्षं तुम्ही मला पोसलंत ते फुकट. थानगुरुजी चिडवायचे, "रूहाय, पहिल्या आठांत पहिला तू! तुझी हनुवटी तुझ्याआधी ग्वेइजोला पोचेल."

त्यातच त्या वर्षी थोरल्या राजमाता वारल्या. सुतक. शंभर दिवस कुणी डोक्याला, गालाला वस्तरा लावायचा नाही, लावला तर पाठीवर फटके. बाकीच्यांना सुतक, न्हाव्यांना उपास. हे रोज सकाळी वस्तरे काढायचे, पुसायचे, पुन्हा ठेवून द्यायचे. शेवयांवर घर चालवलं मी. शंभर दिवसांत सगळ्या पेठेचं रान झालं, कोण राव नि कोण रंक कळेना. आणि कुणा शहाण्यानं पंचांग बघून निवडीचा मुहूर्त काढला तो सुतक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा!

मधे एकच दिवस. सगळ्या शहराची डोकी आणि एक दिवस. उजाडल्यापासून धर्मशाळेच्या फाटकाशी झुंबड. ह्यांनी स्टूल मांडलं ते मान वर केली नाही. एकेक डोकं म्हणजे शंभर दिवसांचं जंगल, वस्तरा बोथट होई, चामड्यावर घासायचा, पुन्हा लावायचा. मी मधेच येऊन ह्यांच्या तोंडात पावाचा तुकडा कोंबत होते. यानगुरुजी सकाळी रांगेत दुसरे होते. पण "तुम्हाला घाई दिसते, तुम्ही आधी," असं करत करत दिवेलागणीला शेवटचे उरले. त्यांच्या आधी थानगुरुजी बसले होते. ते गाल गुळगुळीत करून उठले, तेव्हा कुठं स्वारी बसली.

कपाळ झालं. आमच्याकडे पुरुषांच्या पाठीवर असते ती वेणी घालून झाली. ह्यांनी हनुवटीला साबण लावला, वस्तरा उचलला, आणि हाताला पेटका आला. साधासुधा नाही, बोटं वस्तऱ्याभोवती आवळली ती उघडेचनात. मी कढत पाणी ओतलं, आल्याची दारू चोळली, शिव्यासुद्धा घातल्या. शेवटी वस्तरा सुटला, पण हात लाकूड. शेजारपाजारचे न्हावी तर आधीच आडवे झालेले.

"गुरुजी," हे रडकुंडीला येऊन म्हणाले, "हात मेला हो माझा."

थानगुरुजी पोट धरून हसायला लागले. बाप असेतो, चाळिशीच्या आत, आमच्यात कुणी दाढी राखत नाही. "बाप जिवंत, वय चाळिशीच्या आत, आणि हा दाढी घेऊन दरबारात! अरे, ते विचारतील, आजोबा, नातवाला सोडायला आलात का?"

यानगुरुजींचे डोळे भरले होते. पण माणूस असा, की ह्यांचाच हात हातात घेऊन चोळत बसला. "राहू द्या, मियाओदादा. उद्याचा निकाल तसाही ठरलेलाच होता. तुम्ही जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी काय झालं ते थानगुरुजींनीच सांगितलं. खुर्चीतला राजपुत्र सकाळपासून तोंडं बघून वैतागलेला. समोर वीस माणसं, घाईत भादरलेली, कापलेली, लाल-निळ्या हनुवट्यांची, सगळी सोललेल्या कोंबड्यांसारखी. त्यांत एकच दाढीवाला. आठ नावं पुकारली, त्यांत थानगुरुजी. मग राजपुत्रानं बोट केलं. "तो दाढीवाला बरा भारदस्त दिसतो." झालं! यान रूहाय जिल्ह्याचे हाकिम. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

पुढं त्यांनी काम चोख केलं, हे मी नाकबूल करत नाही. पूर आला तर स्वतः बांधावर उभे राहिले, लाच खाल्ली नाही, सुभेदार झाले, आणि पुष्कळ वर्षांनी पेकिंगला परत आले ते मंत्री होऊन, परीक्षांच्याच खात्याचे. दाढी मात्र कधी काढली नाही. काढतील कशाला! आणि गंमत बघा, 'यानदाढी' म्हणून ती इतकी गाजली की निवडीला येणारा प्रत्येक जण दाढी वाढवूनच यायला लागला. हनुवटीची हजामत बुडाली ती ह्यांचीच. मी म्हणायची, "स्वतःच्या हातानं स्वतःच्या पोटावर पाय दिलात हो!" हे हसायचे.

थानगुरुजी गावी गेलेच नाहीत. धर्मशाळेतच पोरांना शिकवत राहिले, आणि आमच्या पोराला, बाओलिनला, त्यांनीच अक्षरं गिरवायला लावली. हौस म्हणून सुरू केलं, पण बाओ चांगलाच निघाला. विशीत आला तेव्हा थानगुरुजी म्हणाले, "वहिनी, ह्याला परीक्षेला बसवू या. माझ्याहून बरं लिहितो, आणि ह्याची हनुवटीही बरी आहे."

नाव घालायला गेला, आणि बरोबरची पोरं ओरडली. "न्हाव्याचा पोर आमच्या रांगेत? नट, नोकर, शिपाई, न्हावी, ह्यांच्या तीन पिढ्यांना परीक्षा नाही!" आता नट आणि नोकर कायद्यात लिहिलेत, न्हाव्याचं कुठंच धड लिहिलेलं नाही. कुठं बसू देतात, कुठं हाकलतात. स्थानिक कचेरीनं हात झटकले, अर्ज वर पाठवला, परीक्षांच्या खात्याकडे. एका शिक्क्याचं काम. बसला तर माझा पोर बसला, नाहीतर त्याचा पोर आणि त्याच्याही पोराचा पोर कावडच उचलणार.

आणि त्या खात्यावर कोण? यानसरकार!

मी त्या रात्री ह्यांना जेवू दिलं नाही. "उद्याच्या उद्या जा. जाऊन सांगा, सरकार, तुमची दाढी मी ठेवली."

"मी कुठं ठेवली? हाताला पेटका आला."

"एकच ते!"

"एक कसं? हात चालता तर भादरलीच असती मी. आणि ते आज गावी पोरांना बाराखडी शिकवत असते. पेटका आला म्हणून बक्षीस मागू? कुठल्या तोंडानं?"

"ह्याच तोंडानं! देवानं दिलंय ते उवा सांगायलाच फक्त?"

काही केल्या गेले नाहीत. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आमचा हरी अडूनही धरेना.

नवीन वर्ष आलं. सणाच्या महिन्यात कचेऱ्यांचे शिक्के पेटीत बंद असतात. त्या दिवसांत प्रांताची माणसं धर्मशाळेत जमतात, तसे यानसरकार आले. पालखीतून उतरले ते सरळ ह्यांच्या स्टुलावर येऊन बसले. मागं शिपाई, बघ्यांची गर्दी, आणि हे कपाळाला वस्तरा लावतायत. गर्दीतल्या एका लाळघोट्यानं तान घेतली, "सरकारांच्या चेहऱ्यावरच लिहिलंय हो मोठेपण!"

यानसरकार डोळे मिटूनच म्हणाले, "काय मियाओदादा, लिहिलंय का?"

आणि आमच्या ध्यानाचं कुलूप उघडलं! "नाही सरकार. माझ्या हाताला पेटका आला होता."

शिपायानं डोळे वटारले. यानसरकार मात्र इतके हसले की ह्यांना वस्तरा बाजूला घ्यावा लागला. मग डोळे पुसले. थानगुरुजी कोपऱ्यात उभे होते, पिकलेले, ठिगळाच्या झग्यात. त्यांच्याकडे बघून सरकार म्हणाले, "त्या दिवशी तुला आधी बसवलं मी. तू आधी, म्हणालो. रोज आठवतं मला ते."

"मग आता फेड," थानगुरुजी म्हणाले. "मला काही नको. ह्या न्हाव्याच्या पोराचा अर्ज तुझ्याच खात्यात पडलाय. हा तोंड उघडायचा नाही, म्हणून मी बोलतो."

यानसरकारांनी सगळं ऐकून घेतलं. "उपकार म्हणून नाही करणार," ते म्हणाले. "पण कायद्यात न्हावी नाहीत, हे मलाही माहीत आहे. शिक्के उघडू देत. पहिला कागद तोच."

मी त्या दिवशी रश्शात दुप्पट मटण घातलं.

शिक्के उघडायच्या सकाळी हे लवकर कावड घेऊन फिरतीवर गेले. मी शेवया टाकत होते, तेवढ्यात एक माणूस फाटकाशी आला. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला, बोली ग्वेइजोची, आणि डोक्याला पांढरं जाडंभरडं फडकं. "यानसरकार कुठं भेटतील?"

मयताचं पांढरं फडकं बघितलं आणि माझ्या हातातली पळी खाली आली. म्हणजे सरकारांचे वडील गेले. नव्वदीला टेकलेले, गावी. आमच्यात बाप गेल्याचं कानावर आलं की मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही त्या क्षणी खुर्ची सोडावी लागते. सत्तावीस महिने सुतक. बातमी कानावर पडली की शिक्क्याला हात लावायचा नाही. आणि शिक्का आत्ता, ह्याच घटकेला पेटीतून निघत होता!

मी काय केलं? जे कुठल्याही आईनं केलं असतं ते केलं. "बस बाबा," म्हटलं, "किती लांबून आलास. गरम गरम दोन घास खा, मग रस्ता दाखवते." वाडगा भरून दिला. तो उपाशी होता, तुटून पडला. दुसरा भरला. म्हातारा गेला तो गेला, दोन-तीन महिन्यांपूर्वी गेला, अजून थोडा वेळ गेल्यानं तो काही पुन्हा मरणार नव्हता. मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

तिसरा वाडगा भरत होते आणि हे आले. कावड खाली ठेवली. त्या माणसाच्या डोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातातल्या जेवायच्या काड्या काढून घेतल्या, त्याला दंडाला धरून उठवलं.

"अहो," मी कमरेचा पंचाच तोंडात कोंबला. "अहो, थोडं थांबा. तुमच्या पोरासाठी थांबा."

थांबले नाहीत. त्या माणसाला घेऊन मोठ्या वेशीकडे, कचेरीच्या वाटेनं चालू लागले, जवळजवळ पळतच.

तिथं काय झालं ते कचेरीच्या शिपायानं नंतर सांगितलं. न्हाव्याला कुणी आत सोडलं नसतं, पण पांढऱ्या फडक्याला कुणी अडवत नाही. कागद समोर उघडा होता, शिक्का लाल शाईत बुडवून हातात. यानसरकारांनी मान वर केली तर दारात मियाओ, आणि मियाओच्या मागं पांढरं फडकं. शिक्का त्यांनी तसाच मेजावर ठेवला. मग जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे ओरडून रडले.

हे घरी आले तेव्हा मी भांडी फेकली. जे तोंडाला येईल ते बोलले. वैरी आहात, म्हटलं, बाप नाही, वैरी! हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "अगं, उद्या मी मेलो, आणि सांगायला आलेल्या माणसाला कुणी शेवया चारत बसवला, आणि आपला बाओ तिकडे हसत खेळत बसलाय. चालेल तुला?"

दारात बाओ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आई," म्हणाला, "बाबांना जेवायला वाढ."

यानसरकार निघाले ते पायीच, गवताच्या चपला, अंगावर गोणपाटासारखं पांढरं. धर्मशाळेपाशी थांबले. अख्ख्या पेठेसमोर गुडघे टेकून त्यांनी ह्यांच्यापुढं कपाळ जमिनीला लावलं. हे भांबावून त्यांच्याहून खाली वाकले. "तुझं काम करता आलं नाही रे," सरकार म्हणाले. "ते राहू द्या," हे म्हणाले, "तुम्ही आधी घरी जा." ते पुन्हा पेकिंगला आले नाहीत. तिकडेच वारले.

त्यांच्या जागी कुणी नवे आले. ना ओळख ना पाळख. त्यांचा म्हणे अक्कलदाढेनं गाल सुजला होता, पहिल्याच दिवशी. कारकुनानं तुंबलेल्या कागदांचे दोन गठ्ठे समोर ठेवले. त्यांनी गालाला हात लावून विचारलं, "काही भानगड?" कारकून घाईत "नाही" म्हणाला. मग एका गठ्ठ्यावर सरसकट 'मंजूर', दुसऱ्यावर सरसकट 'नामंजूर'. आमचा कागद त्या गठ्ठ्यात कसा गेला ते त्या कारकुनालाही सांगता येत नाही. मी त्याला शेवया चारून तीन-तीनदा विचारलंय.

बाओ त्या वर्षी नापास झाला, हे आताच सांगून टाकते. पुढंही झाला. अजून बसतो. थानगुरुजी म्हणायचे, मोठ्या परंपरेतला आहे. पण आम्ही पास मागितलंच नव्हतं, बसू द्या म्हणालो होतो.

त्या पहिल्या परीक्षेच्या सकाळी आम्ही दोघं त्याला सोडायला गेलो. फाटकाशी पोरांची गर्दी, त्यांचे आईबाप, कंदील. ह्यांनी तिथंही कावड नेली होती. म्हणे, येताना दोन डोकी होतील. पायरीवर उभा राहून अंमलदार एकेकाचं नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा पुकारत होता. शेतकरी. शेतकरी. व्यापारी. मास्तर. मला घाम फुटला होता. आणि मग त्यानं खणखणीत आवाजात वाचलं, "मियाओ बाओलिन! बाप मियाओ फूशुन, न्हावी!"

आणि ह्यांनी, जन्मभर अंमलदारानं हाक मारली की धावायची सवय, झटकन कावड खांद्यावर घेतली, "आलो सरकार!" म्हणाले आणि गर्दीतून पुढं निघाले.

लोक हसले. बाओ पायरीवरून मागं वळला. तोही हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या सगळ्या गर्दीवरून त्यानं मोठ्यानं ओरडून सांगितलं, "बाबा, तुम्हाला नाही, मला बोलावलंय!"